फोल्डर उघडं ठेवा

तात्यांच्या फोनमध्ये मला एका सकाळी चार फाइली सापडल्या. ‘यादी’, ‘यादी नवीन’, ‘यादी फायनल’ आणि ‘यादी फायनल (२)’. चारही पीडीएफ, चारही एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या.

तात्या म्हणजे माझे चुलते. राहूला, मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या राहूबेटात, आमची थोडी जमीन आहे. ऊस, आणि जोडीला कांदा. एका अवकाळीत कांदा जागेवर सडला. पंचनामा झाला आणि काही दिवसांनी भरपाईची यादी लागली. अशा यादीत तेव्हा शेतकऱ्याच्या नावापुढं एक विशिष्ट क्रमांक असायचा. तो घेऊन सेवा केंद्रात जायचं, आधारचा अंगठा द्यायचा, मग पैसे खात्यात जमा व्हायचे. क्रमांक नाही तर अंगठा नाही, अंगठा नाही तर पैसे नाहीत.

तात्यांनी पहिली यादी उघडली, तिच्यात नाव नव्हतं. ते गप्प बसले. नाव शेवटच्या यादीत होतं, हे दोन महिन्यांनी शेजारच्या वस्तीवरच्या एकानं सांगितलं. आम्ही त्या चौथ्या फाइलवर बोट ठेवलं, तर ती फोनमध्ये कधी उतरलीच नव्हती. व्हॉट्सॲप म्हणालं, फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. पाठवणारे कर्मचारी बदली होऊन ग्रुप सोडून गेलेले. मी कार्यालयात फोन केला. उत्तर आलं, “ग्रुपवर टाकली होती की!”

“तात्या, चारही उघडून का नाही बघितल्या?”

“आरं, पयल्या यादीत नाव नाय म्हणल्यावर दुसरीत कशाला आसंल? आन् फायनल म्हंजी कंची, ते तरी कुणी सांगितलं?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पैसे शेवटी आले, पण तोवर तात्यांनी पुढच्या लागणीच्या रोपासाठी हातउसने घेतले होते. रक्कम मोठी नव्हती. मला राग रकमेचा आला नाही. राग याचा आला की हे सगळं टाळायला एक पान पुरलं असतं. नुसतं एक पान, ज्यावर एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं एकाखाली एक, तारखेसकट, आणि प्रत्येक नावावर लिंक. बास.

पान कसलं, ती तर ओळींची रांग

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असं पान पाहिलेलं असेल. एखादं जुनं पुस्तक शोधताना मध्येच एक पांढरंफटक पान उघडतं. वर इंग्रजीत ‘इंडेक्स ऑफ’, खाली फाइलींची नावं, शेवटचा बदल कधी झाला ती तारीख, आकार. ना लोगो, ना जाहिरात, ना ‘आमचं ॲप डाउनलोड करा’. आपल्याला वाटतं, साइट बिघडली. साइट बिघडलेली नसते. तो सर्व्हरचा सगळ्यात प्रामाणिक चेहरा असतो.

त्यामागचं काम सोपं आहे. ब्राउझरनं एखाद्या फोल्डरचा पत्ता मागितला की सर्व्हर त्यात ‘इंडेक्स’ नावाची फाइल आहे का ते बघतो. असेल तर ती दाखवतो. नसेल आणि मालकानं परवानगी दिलेली असेल, तर तो फोल्डरमध्ये काय काय आहे ते मोजतो आणि जागच्या जागी लिंकांची यादी बनवून देतो. अपाची हा सर्व्हर १९९५ पासून आहे आणि त्यात ही सोय फार जुनी आहे. पायथन भाषेत तर एका ओळीची आज्ञा दिली की तुमचं कुठलंही फोल्डर असं पान बनून समोर येतं. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर जी हजारो जुनी मराठी पुस्तकं स्कॅन होऊन पडलीत, त्यांच्याही मागं प्रत्येक नोंदीच्या फाइलींची अशीच साधी यादी उघडता येते.

वेबचा जन्मच असा झालाय. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्नमधून जे पहिलं संकेतस्थळ जगासमोर ठेवलं, ते मजकूर आणि लिंका यांचंच होतं. एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडं जायची वाट, आणि ती वाट कुणालाही न विचारता चालता यावी, एवढीच त्यातली क्रांती.

आपण काय केलं? आपण ती वाट बंद केली आणि दारात एक ग्रुप ॲडमिन बसवला.

दफ्तर कुणाच्या घरात?

मराठी माणसाला कागद सांभाळायचं वेड नवं नाही. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवले जायचे. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा कुठं बाहेरच्या अभ्यासकांना आत काय आहे याचा अंदाज आला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली आणि नंतर ती १९५० पर्यंत पुढं नेली. ही माणसं काय करत होती? ढीग होता, त्याची यादी करत होती. ज्या ढिगाची यादी नाही, तो ढीग लोकांच्या दृष्टीनं नसल्यातच जमा असतो.

गावात दुसरी गोष्ट चालायची. गावचं दफ्तर कुलकर्ण्याच्या घरात असे. कुणाच्या नावावर किती जमीन, कुणी किती सारा भरला, हे त्याला वाचता येई आणि गावाला येत नसे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या कागदी सत्तेवरही असूड ओढलाय. शेतकऱ्याला लुबाडायला तलवार लागत नाही, त्याला न वाचता येणारा कागद पुरतो. पुढं १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली. दफ्तर सरकारजमा झालं, तलाठ्याकडं आलं, संगणकात गेलं.

आणि आता ते व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंय. मी मुद्दाम कडू बोलतोय, पण बघा. ग्रुपमध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, हे कोण ठरवतं? ॲडमिन. कालची फाइल आज कुणाकडं आहे? ज्यानं वेळेत उतरवून घेतली त्याच्याकडं. ज्याचा फोन जुना, ज्याची मेमरी भरलेली, ज्याचं रिचार्ज संपलेलं, त्याच्याकडं ती नाही. ज्या बाईच्या नावावर सातबारा आहे पण घरातला एकुलता स्मार्टफोन मुलाच्या खिशात आहे, तिच्याकडं तर मुळीच नाही. मग ती ज्याच्याकडं फाइल आहे त्याच्याकडं जाते. तो म्हणतो, “संध्याकाळी पाठवतो, मावशी.” या ‘संध्याकाळी पाठवतो’मध्ये जे वजन आहे, ते जुन्या वतनदाराचंच वजन आहे. त्या पोराला ते कळत नसेल, तो बिचारा चांगलाही असेल. पण एका पीडीएफसाठी कुणाच्या तरी मर्जीवर राहायला लागणं, हे चांगल्या माणसाच्या हातूनही वाईटच घडतं.

“पोर्टल आहे की!”

मान्य. पोर्टलं आहेत आणि सगळीच वाईट नाहीत. राज्य सरकारच्या शासन निर्णयांचं संकेतस्थळ घ्या. तिथं विभागाचं नाव, निर्णयाचं शीर्षक, तारीख, फाइलचा आकार आणि लिंक, अशी सरळ यादी मिळते. प्रत्येक निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. म्हणजे कुणी कितीही वेळा फॉरवर्ड केला तरी तो निर्णय नेमका कधीचा, हे फाइलच्या नावावरूनच कळतं. ‘फायनल (२)’ असा प्रकारच नाही. मंत्रालयाला हे जमतं, तर खाली तालुक्याला आणि गावाला का जमू नये?

कारण खाली येईपर्यंत आपल्याला पानाऐवजी ‘प्रकल्प’ हवा असतो. प्रकल्प म्हटलं की उद्घाटन होतं, फ्लेक्स लागतो, फिरता फोटो असलेलं मुखपृष्ठ येतं, वरून सरकणारी ‘सहर्ष स्वागत’ची पट्टी येते. फाइलींच्या जागी मात्र ‘लवकरच येत आहे’. पुढं ठेकेदाराचं वर्ष संपतं, कुणी नूतनीकरणाचे पैसे भरत नाही आणि एक दिवस ते सगळंच गायब होतं. लिंकांच्या साध्या पानाचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते कुणाला नकोय.

आणि ही मेहेरबानी मागायची गोष्ट नाही, हेही सांगून टाकतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा आहे. आपल्याला कलम ६ माहीत असतं: अर्ज करा, दहा रुपये भरा, वाट बघा. त्याच्या आधीचं कलम ४ कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले अभिलेख नीट सूचीबद्ध करून, त्यांची निर्देशसूची करून ठेवायची. १७ बाबींची माहिती आपणहून जाहीर करायची, आणि ही माहिती कायदा झाल्यापासून १२० दिवसांत. लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी, हा त्यामागचा हेतूही त्याच कलमात लिहिलाय. कायद्यातला शब्द बघा: निर्देशसूची. इंग्रजीत इंडेक्स. जी गोष्ट अपाची सर्व्हर फुकट करून देतो, ती करायला कायदा २००५ पासून सांगतोय.

आक्षेप, आणि त्यातला एक खरा

मी हे बोलतो तेव्हा संगणकवाले मित्र पहिल्यांदा म्हणतात, “असं फोल्डर उघडं ठेवणं धोक्याचं.” त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. सुरक्षा तपासणीत फोल्डरची यादी दिसली की तिला दोष म्हणून नोंदवतात. एनजिनेक्स या सर्व्हरमध्ये ती सोय मुळातच बंद असते. फोल्डरमध्ये चुकून पासवर्डाची फाइल किंवा डेटाबेसची प्रत राहिली, तर ती जगाला दिसणार. पण मग प्रश्न असा की ती फाइल तिथं आलीच कशी? यादी झाकल्यानं फाइल सुरक्षित होत नाही. पत्ता माहीत असलेल्याला ती तशीही उघडते. दाराला कुलूप नाही म्हणून दारावरची पाटी काढून टाकायची, असला हा उपाय. सरळ मार्ग असा की लोकांसाठीचं फोल्डर वेगळं करा, त्यात लोकांसाठीचेच कागद ठेवा, आणि मग ते बिनधास्त उघडं ठेवा.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. हा मात्र खरा आहे आणि त्यानं मलाही अडवलं. तात्यांच्या प्रकरणानंतर मी तिरीमिरीत ठरवलं होतं की सगळ्या याद्या जमवून एका पानावर टाकायच्या. मग त्या फाइली नीट वाचल्या. एकीत बँक खात्याचे क्रमांक होते. दुसरीत मोबाइल नंबर. ज्या याद्या ग्रुपांवर खुशाल फिरत होत्या, त्या उघड्या पानावर टाकायला माझा हात धजावला नाही, आणि तेच बरोबर होतं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपण उलटा काढतो. आपण म्हणतो, बघा, म्हणूनच ग्रुप बरा. ग्रुप बरा कसा? तिथं शेकडो अनोळखी फोनांवर खातेक्रमांक जाऊन पडलेत आणि परत घेता येत नाहीत. ज्यानं फाइल उघड्यावर ठेवायचीय तो ठेवण्याआधी दहादा बघतो. ज्यानं ‘आतल्या ग्रुपवर’ टाकायचीय तो बघतच नाही. उघडेपणाची सवय लागली तर झाकायचं काय याचीही शिस्त लागते.

माझ्या पानावर मी याद्यांऐवजी फक्त एक ओळ ठेवली: अमुक नुकसानीची ताजी यादी अमुक तारखेची, अमुक ठिकाणी लावलेली. तात्यांना एवढं कळलं असतं तरी पुरलं असतं.

तिसरा आक्षेप, “हे दिसायला फार बेकार.” हो, आहे. सातबाराही दिसायला बेकारच असतो.

करून बघा, एका दुपारचं काम आहे

माझं पान कसं बनतं ते सांगतो, म्हणजे यात गूढ काही राहणार नाही. एका फोल्डरमध्ये कागद आहेत: नुकसानभरपाईचे शासन निर्णय, पाण्याच्या आवर्तनाचं वेळापत्रक, विजेच्या पाळ्या, ग्रामसभेच्या सूचना, बिबट्यापासून घ्यायच्या काळजीचं पत्रक. उसात बिबट्या असताना रात्रीच्या पाळीला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला यातल्या दोन कागदांची गरज एकाच वेळी पडते. एक छोटी आज्ञावली त्या फोल्डरमधल्या नावांची रांग घेते, ती क्रमानं लावते, प्रत्येक नावासाठी लिंकची एक ओळ लिहिते आणि त्या सगळ्या ओळी ‘इंडेक्स’ नावाच्या पानात ओतते. नवीन कागद आला की फोल्डरमध्ये टाकायचा आणि आज्ञावली पुन्हा चालवायची. गिटहब पेजेससारख्या फुकट जागेवर सर्व्हर आपणहून यादी करून देत नाही, म्हणून पान आधीच बनवून चढवावं लागतं, एवढंच. दोनशे फाइलींचं असं पान शंभर केबीच्या आत बसतं. सकाळी येणारा गुलाबाचा ‘शुभ सकाळ’ फोटो बऱ्याचदा त्याहून जड असतो.

शहाणपण लागतं ते नावं ठेवायला. ते मी ठेचा खाऊन शिकलो.

नावाची सुरुवात तारखेनं करा आणि तारीख उलटी लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. संगणक अक्षरानुसार क्रम लावतो, त्यामुळं अशी नावं आपोआप कालक्रमानं लागतात. नुसते आकडे दिलेत तर ‘१०’ हे ‘२’च्या आधी जाऊन बसतं, कारण तो पहिलं अक्षर बघतो. म्हणून ‘०२’ लिहा. मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका. संगणकाला ते वेगळे वाटतात आणि इंग्रजी आकड्यांची सगळी नावं एकीकडं, मराठीची दुसरीकडं अशी फाळणी होते. ‘७/१२’ हे फाइलचं नाव होऊच शकत नाही, कारण ती तिरकी रेघ म्हणजे संगणकासाठी फोल्डरची हद्द. तिथं आडवी रेघ द्या. आणि ‘नवीन’, ‘फायनल’, ‘लेटेस्ट’ हे शब्द नावात कधीही नकोत. उद्या ते खोटे ठरणारच असतात.

मराठी नावांची आणखी एक गंमत. लिंकमध्ये देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही, त्याचं सांकेतिक रूप होतं. ‘राहू’ या इवल्या नावात संगणकाच्या लेखी चार चिन्हं आहेत: र, काना, ह आणि ऊकार. प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट लिंकमध्ये तीन अक्षरांचा होतो. म्हणजे आमचं गाव लिंकमध्ये ३६ अक्षरं लांब असतं. म्हणून लोक फाइलींना इंग्रजी नावं देतात, आणि मग तात्यांना ती वाचता येत नाहीत. उपाय साधा आहे. पत्ता कसाही असू दे, पानावर दिसणारं नाव मराठी ठेवा. यादी वाचायची असते माणसानं. सर्व्हरला काय, तो काहीही वाचतो.

तुमच्याकडं कुठलं फोल्डर आहे?

हे सगळं शेतीपुरतं आहे असं समजून पुढं सरकू नका. तुमच्या कॉलेजच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुणाच्या ड्राइव्हमध्ये आहेत? ‘ॲक्सेस मागा’ असं बटण दाबून तुम्ही किती दिवस थांबलात? स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचा तो टेलिग्राम चॅनल बंद झाला तेव्हा काय काय गेलं? सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, मंडळाचा हिशेब, नाट्यसंस्थेच्या संहिता, आजोबांच्या पिढीनं काढलेल्या हस्तलिखित अंकांचे स्कॅन. हे सगळं कुणाच्या तरी फोनमध्ये आहे. त्या कुणाचा तरी फोन एक दिवस पाण्यात पडणार आहे.

आपली पिढी स्वतःला फार खुली समजते. जेवणाचं ताट, रडतानाचा चेहरा, ब्रेकअपची तारीख, सगळं आपण जगाला दाखवतो. पण चार माणसांच्या उपयोगाचा कागद मात्र ‘हवा असेल त्यानं डीएम करा’. डीएम करायला का लावता? त्या मागण्यातून आपल्याला थोडं महत्त्व मिळतं म्हणून. मलाही मिळायचं. वस्तीवर कुणाला कुठला निर्णय हवा असला की मला फोन यायचा आणि मला बरं वाटायचं. पान केल्यापासून ते फोन बंद झाले. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कळलं की हे जे चुकल्यासारखं वाटतंय, तेच तर मोडायचं होतं.

मागच्या महिन्यात तात्यांकडं गेलो होतो. ओट्यावर बसून ते फोनवर बोट फिरवत होते. पलीकडच्या वस्तीवरचा एक जण आवर्तनाची तारीख विचारायला आला होता. तात्यांनी चष्मा वर केला, पान खाली सरकवलं, तारीख वाचून दाखवली. तो म्हणाला, “तेवढं मला पाठवा की.”

तात्या म्हणाले, “पाठवायचं कशाला? तितंच हाय. कवाबी बग.”